मुंबईच्या फ्लॅटमध्ये ग्रेहाउंड: दत्तक घेण्यापासून घरचा होईपर्यंत

ग्रेहाउंड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास पळतो, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तो दिवसातला बराचसा वेळ झोपून काढतो, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. त्यामुळे मुंबईत कुणी हा कुत्रा दत्तक घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "दोन खोल्यांत तो मावणार कसा?" धावपट्टीवरची एक शर्यत साधारण अर्ध्या मिनिटात संपते. हा कुत्रा घडलाच आहे थोडा वेळ जीव तोडून पळायला आणि मग अंग टाकायला. आमच्या घरी दत्तक आलेली ग्रेहाउंड आहे, मैना. तिच्यासोबत राहून आणि अशी कुत्री सांभाळणाऱ्या इतर घरांत जाऊन माझं मत पक्कं झालंय. वयात आलेला ग्रेहाउंड मुंबईच्या फ्लॅटला लॅब्रॅडॉर किंवा बीगलपेक्षा जास्त मानवतो. तो फार भुंकत नाही, केस कमी गाळतो, उगाच अंगावर उड्या मारत नाही. त्याला मऊ जागा, नीट बंद होणारं दार, बाहेर कायम पट्टा आणि त्याचं शरीर ओळखणारा डॉक्टर एवढं मिळालं पाहिजे.

आधी समजून घ्या: मुंबईत कोणता कुत्रा मिळतो

परदेशात ग्रेहाउंड दत्तक मिळतात ते शर्यतीच्या धंद्यातून. इंग्लंडमध्ये यांत्रिक सशामागे धावण्याच्या शर्यती १९२६ साली मँचेस्टरमध्ये सुरू झाल्या. आता हा धंदा ठिकठिकाणी आटोपतोय. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २०१८ साली मतदारांनी त्याविरुद्ध कौल दिला आणि २०२० अखेर तिथल्या शर्यती थांबल्या. न्यूझीलंडच्या सरकारनेही डिसेंबर २०२४ मध्ये बंदीची घोषणा केली. तिकडे दोन ते पाच वर्षांची, निवृत्त झालेली कुत्री घराघरांत जातात.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. ग्रेहाउंड प्रामुख्याने पंजाबात पाळले जातात. तिथे गावोगावी त्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. मुंबईत हौसेने पिल्लू घेतलं जातं आणि ते मोठं झालं की कुणाला तरी नकोसं होतं. दत्तकासाठी येतात ती अशी कुत्री किंवा त्यांचे संकर. आणि त्यांच्याइतकेच आपल्या मातीतले शिकारी कुत्रे: कारवानी, मुधोळ आणि झुपकेदार केसांचे पश्मी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी मुधोळ ही जात जोपासली. २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. सोलापूर-सांगलीकडे या कुत्र्यांना मान आहे, मुंबईत मात्र 'खातो काय आणि दिसतो कसा' म्हणून सोडून दिले जातात. बांधा, डोळ्यांनी शिकार टिपण्याची सवय, नाजूक कातडी हे या सगळ्यांत सारखं आहे, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडतं. एक फरक लक्षात ठेवा. कारवानी परक्या माणसाला सहजी हात लावू देत नाही, त्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

कुत्रा तात्पुरता ज्यांच्या घरी ठेवलेला असेल त्यांना जाऊन भेटा. मांजर दिसल्यावर तो काय करतो, एकटा किती वेळ राहतो, झोपेत दचकतो का, जेवताना कुणी जवळ गेलं तर चालतं का, हे विचारा. फोटो पाहून हो म्हणू नका. घरी मांजर असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्यक्ष पाहूनच खात्री करा. काही ग्रेहाउंड मांजरासोबत राहतात, काही जन्मभर राहू शकत नाहीत, आणि ते शिकवून बदलेल अशी आशा धरणं मांजराच्या जिवावर बेततं.

सोसायटी आणि महापालिका

हाउसिंग सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना त्याबाबत स्पष्ट आहेत. तरी नुसता नियमाचा कागद दाखवून घरात शांतता नांदत नाही. कुत्रा येण्याआधीच सेक्रेटरींना भेटा, वॉचमनकाकांना त्याचं नाव आणि फोटो द्या, शेजारी म्हातारी माणसं असतील तर लिफ्टच्या वेळा विचारून घ्या. ग्रेहाउंडची उंची पाहून लोक आधी बिचकतात, मग आठवडाभरात तेच लोक त्याची चौकशी करू लागतात. महापालिकेचा परवाना काढा, त्यासाठी रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं.

घर तयार करणं

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गुळगुळीत लादी. लांब पाय, अरुंद पंजे आणि भारी मांड्या, त्यामुळे व्हिट्रिफाइड टाइल्सवर हा कुत्रा घसरला की मागचे पाय फाकतात आणि स्नायू दुखावतो. एकदा घसरला की भीती बसते, मग तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तासन् तास उभा राहील पण आत येणार नाही. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर मागून रबर लावलेल्या सतरंज्या अंथरा. दारापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून गादीपर्यंत सलग वाट झाली की पुरे.

गादी खरोखर जाड हवी. अंगावर चरबी जवळजवळ नाही, कोपराची आणि कुल्ह्याची हाडं थेट जमिनीला लागतात आणि तिथे घट्टे पडतात. जुनी कापसाची गादी आणि वर आजीच्या हातची गोधडी, याहून चांगलं काही मला दुकानात दिसलं नाही. एक गादी हॉलमध्ये, एक झोपायच्या खोलीत. माणसं जिथे असतील तिथे त्याला पडायचं असतं.

ओट्याकडे लक्ष द्या. याचं नाक विनासायास ओट्यावर पोचतं. निवत ठेवलेल्या चपात्या, तळून काढलेली सुरमई, डब्यात भरायचं पनीर यांतलं काही उघडं ठेवायचं नाही. चोरी तो आवाज न करता करतो.

खिडक्यांना आणि बाल्कनीला ग्रिल हवंच. कठड्यावर कबुतर बसलं तर त्याचा पाय विचार करायला थांबत नाही. मुख्य दारालाही हाच नियम. कुरियरवाला आला की आधी कुत्रा आतल्या खोलीत, मग दार.

पट्टा आणि गळपट्टा

ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा जाड असते. साधा गळपट्टा मागे ओढला की कानांवरून निसटतो, आणि निसटलेला ग्रेहाउंड क्षणात नजरेआड होतो. त्याच्यासाठी मार्टिंगेल नावाचा गळपट्टा घ्या. तो ओढला की मर्यादेपर्यंत आवळतो, एरवी सैल राहतो. रुंदी दीड-दोन इंच असावी म्हणजे मानेत रुतत नाही. जोडीला हार्नेस असेल तर उत्तम. पट्टा पाच-सहा फुटांचा, जाड कापडी. बटण दाबून लांब होणारा पट्टा घेऊ नका. तेवढ्या दोरीत हा कुत्रा वेग पकडतो आणि दोरी संपते तेव्हा झटका मानेला बसतो. गळ्यात फोन नंबर कोरलेली पट्टी हवी, कातडीखाली बसणारी ओळखीची मायक्रोचिपही लावून घ्या.

पहिला दिवस

सुट्टीच्या दिवशी सकाळी आणा, बंद गाडीतून. रिक्षा नको. खाली उतरल्यावर आधी शू करू द्या, मग वर. घरात शिरताना पट्टा हातातच ठेवा, पाणी दाखवा, गादी दाखवा आणि मग त्याला त्याच्यावर सोडा. मावशी, आत्या, शेजारची मुलं यांना आठवडाभर थांबायला सांगा. पहिल्या दिवशी जेवला नाही तरी घाबरू नका.

ज्या कुत्र्याचं आयुष्य वाड्यात, शेतात किंवा कुत्र्यांच्या कोठीत गेलं त्याला जिना नवा असतो, लिफ्ट नवी असते, काचेचं दारही नवं असतं. जिना शिकवताना एकाने पुढे राहायचं, एकाने मागे. पुढचा पाय हाताने उचलून पायरीवर ठेवायचा, मग दुसरा, मग मागचे. चढणं लवकर येतं, उतरताना मात्र तो वरून एकदम उडी मारू पाहतो. हार्नेस घट्ट धरा आणि खालच्या दोन-तीन पायऱ्यांपासूनच सुरुवात करा. लिफ्टमध्ये आधी रिकामी असताना न्या, दार उघडं धरून आत-बाहेर करू द्या.

पहिले तीन महिने

दत्तक कुत्र्यांबद्दल एक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे घरची रीत कळण्याचे, तीन महिने हे आपलं घर आहे असं वाटण्याचे. ग्रेहाउंडच्या बाबतीत हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. सुरुवातीला तो इतका गप्प असतो की लोकांना वाटतं आजारी आहे. खरा स्वभाव हळूहळू वर येतो.

या काळातला सगळ्यात महत्त्वाचा नियम: झोपलेल्या ग्रेहाउंडला हात लावायचा नाही. यांतली बरीच कुत्री डोळे अर्धवट उघडे ठेवून झोपतात, त्यामुळे जागा आहे असा भास होतो. कोठीत वाढलेल्या कुत्र्याच्या झोपेत कधी कुणी शिरलेलं नसतं, म्हणून दचकून तो गुरगुरतो, क्वचित दातही लावतो. लांबून नाव घ्या, मान वर करू द्या, मग जवळ जा. घरातल्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा आणि त्याची गादी ही फक्त त्याची, तिथे कुणी बसायचं नाही, हेही.

एकटं राहणं टप्प्याटप्प्याने शिकवा. कोठीतून आलेला असेल तर आयुष्यभर तो इतर कुत्र्यांच्या सोबतीत राहिलेला असतो, ऑफिसला गेलेल्या घरातली शांतता त्याला खायला उठते. आधी कचरा टाकायला जाण्याइतका वेळ, मग दूध आणण्याइतका, मग अर्धा तास. जाताना लाडिक निरोप नको, आल्यावर गडबड नको. शक्य असेल तर पहिले दोन आठवडे कुणीतरी घरी राहील अशी रजेची सोय करा.

फिरणं आणि पळणं

सकाळ-संध्याकाळ वीस-तीस मिनिटं चालणं मोठ्या ग्रेहाउंडला पुरतं. सकाळी साडेसहाच्या आत, रात्री जेवणं आटोपल्यावर. मार्च ते जून आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी खाली फक्त शू-शीपुरतं. रस्त्यावर हाताचा तळवा सात सेकंद टेकवता आला नाही तर त्याचे पंजेही भाजतात.

पट्टा सोडायचा नाही. शिवाजी पार्कवर नाही, जुहूच्या वाळूतही नाही. हाक मारल्यावर येणारा ग्रेहाउंडसुद्धा पळतं मांजर दिसल्यावर हाक ऐकत नाही, आणि मुंबईत वाहता रस्ता कुठूनही लांब नसतो. त्याला पळू द्यायचं असेल तर फुटबॉलसाठी भाड्याने मिळणारी जाळीबंद टर्फ असतात, त्यांतल्या एखाद्या मालकाशी बोला. सकाळी पहिला तास रिकामा असतो, स्वच्छतेची हमी दिली तर काही जण तयार होतात. आत सोडण्याआधी जाळीला भोकं नाहीत ना, खिळे-काचा नाहीत ना, ते चालून पाहा. दोन-तीन फेऱ्या पुरे. उन्हात टर्फ तापतं, तेव्हा नको.

भटकी कुत्री या लांबड्या पाहुण्याला आधी घेरतात. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांशी ओळख करून घ्या, रोज त्याच वेळी त्याच वाटेने जा, घाईत पुढे ओढू नका. बोरिवली, मुलुंड, आरे या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडेच्या भागात राहत असाल तर अंधारात झाडीच्या कडेने जाऊ नका. बिबट्यासाठी कुत्रा हे नेहमीचं भक्ष्य आहे.

खाणं

शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे ग्रेहाउंडचं निरोगी वजन आहे. "खायला घालता की नाही त्याला?" असं सगळे विचारतील, ऐकून घ्या आणि वजन वाढवू नका. दोन वेळा जेवण. तयार खाद्य असो वा उकडलेलं चिकन, भात आणि लाल भोपळा, मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर नकोच. मनुका, द्राक्षं, चॉकलेट विषारी आहेत, म्हणजे प्रसादाचा शिराही वाटीत टाकायचा नाही. छाती खोल असल्यामुळे पोट फुगून पीळ पडण्याचा धोका या बांध्याच्या कुत्र्यांना असतो. जेवणाआधी आणि नंतर तासभर पळापळ नको. पोट टम्म झालंय, ओकारीची उबळ येते पण बाहेर काही पडत नाही, कुत्रा अस्वस्थ फेऱ्या मारतोय असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा.

डॉक्टर: इथे घाई करू नका

हा भाग दोनदा वाचा. ग्रेहाउंडचं रक्त इतर कुत्र्यांसारखं नसतं. तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांत साधारण ३७ ते ५५ टक्के धरतात, ग्रेहाउंडमध्ये ते ६० च्या घरात असलं तरी तो निरोगी असतो. प्लेटलेट्स मात्र कमी असतात. इतरांत दोन लाखांखाली गेल्या की काळजी करतात, ग्रेहाउंडला दीड लाखाच्या आसपास असणं हे त्याचं नेहमीचं. थायरॉइडचा आकडाही कमीच येतो.

मुंबईत याचं महत्त्व जास्त आहे. इथे गोचीड बारमाही आणि गोचीडताप घरोघरी, त्यामुळे प्लेटलेट्स कमी दिसल्या की लगेच तापाचं औषध सुरू होतं. ग्रेहाउंडमध्ये तो आकडा एकटा पुरावा ठरत नाही. रक्ताची काचपट्टी तपासणं किंवा पीसीआर चाचणी मागा, ताप आणि हिरड्यांचा रंग पाहा. याचा अर्थ गोचीडताप त्याला होत नाही असा नाही, होतो आणि वाईट होतो. म्हणून सोपा उपाय असा: घरी आणल्यावर महिन्याभरात, तो ठणठणीत असताना, रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढे आजारी पडला तर तुलना त्याच्याच आकड्यांशी करायची. कारवानी-मुधोळ असेल तरी हे करा.

भूल देतानाही फरक पडतो. अंगात चरबी कमी आणि यकृतात काही औषधांचं विघटन सावकाश होतं, त्यामुळे थायोपेंटोनसारख्या भुलेनंतर हा कुत्रा फार वेळ उठत नाही. नसबंदी किंवा दात साफ करायच्या आधी डॉक्टरांना विचारा की भूल कोणती देणार. प्रोपोफॉल आणि आयसोफ्लुरेन यांवर भर असतो. ऑपरेशननंतर काही ग्रेहाउंडमध्ये रक्तस्राव लगेच न होता एक-दोन दिवसांनी सुरू होतो, तेव्हा जखमेभोवती काळंनिळं पसरताना दिसलं तर फोन करा. गोचिडांसाठी पाण्यात कालवून अंगावर ओतायची औषधं मनाने वापरू नका. माणसांची क्रोसिन, ब्रुफेन कधीच देऊ नका.

लंगडणं हलक्यात घेऊ नका. कारण पंज्यातलं कुरूप असू शकतं, ते ग्रेहाउंडमध्ये बरंच आढळतं आणि त्यावर इलाज आहे. पण याच जातीत पायाच्या हाडाचा कर्करोगही जास्त दिसतो, त्यामुळे आठवड्याहून जास्त लंगडला तर एक्स-रे हवा. जवळच्या डॉक्टरांखेरीज मोठ्या दवाखान्याचा पत्ता आणि नंबर फोनमध्ये ठेवा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचं रुग्णालय सुरू झालंय.

पावसाळा, फटाके

मे संपायच्या आत लेप्टोची लस. उंदीर आणि साचलेलं पाणी असलेल्या या शहरात ती चुकवू नका. फिरून आल्यावर पाय धुवा, बोटांच्या मधली जागा कोरडी करा. पाऊस पाहिला की बरेच ग्रेहाउंड दारातच पाय रोवतात, तेव्हा पार्किंगचा आडोसा कामी येतो. रेनकोट पाठ लांब असल्याने मापानेच शिवून घ्या. गणपतीच्या मिरवणुका आणि दिवाळीत अंधार पडायच्या आत फिरवून आणा, मग आतली खोली, पंखा जोरात, पडदे ओढलेले.

आणि यातून मिळतं काय

सकाळी आई देवपूजेला बसते. मैना नखं न वाजवता येते, शेजारी उभी राहते आणि सगळं अंग आईच्या खांद्यावर रेलते. ग्रेहाउंड चाटत नाहीत फार, असे रेलतात, डोळे मिटून, पूर्ण वजनानिशी. "सरक गं मैना, फुलं पडतील," आई म्हणते, आणि स्वतः तसूभरही सरकत नाही. पूजा झाली की मैना गोधडीवर पाठ टेकते, चारही पाय छताकडे, मान भिंतीला वाकडी, आणि दुपारपर्यंत त्याच अवस्थेत. खूश असली की दात कटकट वाजवते. पहिल्यांदा तो आवाज ऐकणाऱ्याला थंडी वाजते की काय असं वाटतं, पण तो निव्वळ आनंद असतो.

आल्यावर काही आठवडे तिला खेळणं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. चेंडू टाकला की माझ्याकडे बघायची. मग एका संध्याकाळी कापडी माकड तोंडात धरून हॉलमध्ये तीन गिरक्या घेतल्या, सतरंज्या गोळा झाल्या, बाबांचा चहा सांडला आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. मोठं झालेलं जनावर नव्याने बाळपण शिकताना पाहणं हे पिल्लू पाळण्यात नसलेलं सुख आहे, आणि माझ्या मते दत्तक घेण्याचं सगळ्यात मोठं कारणही. घरून काम करणाऱ्यांसाठी तर अशी सोबत शोधून सापडणार नाही: मीटिंग चालू असताना पायाशी घोरतो, बेल वाजली तरी एक कान हलवतो.

मन पूर्ण तयार नसेल तर आधी फॉस्टर करा. दत्तकासाठी कुत्री देणाऱ्या लोकांना तात्पुरती घरं कायम कमी पडतात. महिना-दीड महिना ठेवून घेता येतं, त्याच्या औषधपाण्याची जबाबदारी कुणाची हे आधी लिहून घेता येतं, आणि तुमच्या घरात जिना, लिफ्ट, सतरंज्या शिकलेल्या कुत्र्याला पुढचं कायमचं घर लवकर मिळतं. ते घर तुमचंच असावं असं त्या महिन्यात ठरलं तर दत्तकाचे कागद तेव्हाही करता येतात. फक्त रक्ताच्या तपासणीचा तो कागद आधी करून घ्या, कुत्रा तुमच्याकडे राहिला किंवा पुढे गेला तरी तो त्याच्यासोबत जाईल.